आरमारे आणि आगवाले

आरमारांच्या स्पर्धेचा इतिहास बहुधा कोष्टकांतून सांगितला जातो: इतकी जहाजे, इतक्या तोफा, चिलखताची जाडी इतके इंच. कामगार चळवळीत हयात गेलेल्या आम्हांला त्या कोष्टकात एक रकाना नेहमी कोरा दिसतो. ही जहाजे चालवीत कोण होते? इंग्लंड व जर्मनी यांच्या स्पर्धेकडे त्या कोऱ्या रकान्याच्या बाजूने पाहावे, असा आमचा विचार आहे.

आपले आरमार पुढच्या दोन मोठ्या आरमारांच्या बेरजेइतके असावे, हे धोरण इंग्लंडने १८८९ साली पक्के केले. बाहेरून येणाऱ्या धान्यावर जगणाऱ्या बेटाला समुद्र हाच प्राण होता. जर्मनीचे भूदल जबरदस्त, पण आरमार बेताचेच. अ‍ॅडमिरल टिर्पिट्झ यांनी १८९८ व १९०० साली कायदे संमत करून घेतले आणि ३८ युद्धनौकांचे उद्दिष्ट ठेवले. इंग्लंडला बुडवता आले नाही तरी चालेल. लढाईत ते इतके पांगळे होईल, की या भीतीनेच नमते घेईल, असा त्यांचा हिशेब होता. घडले उलटेच. इंग्लंडने १९०४ साली फ्रान्सशी आणि १९०७ साली रशियाशी जुने तंटे मिटवून टाकले.

मधल्या काळात, १९०६ साली, ‘ड्रेडनॉट’ पाण्यात उतरली. बारा इंची दहा तोफा, वाफेची टर्बाइने, ताशी २१ सागरी मैलांचा वेग! तिच्यापुढे साऱ्या जुन्या युद्धनौका मोडीत निघाल्या आणि त्यांत सर्वांत जास्त इंग्लंडच्याच होत्या. शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. १९०९ साली लंडनच्या मंत्रिमंडळात नव्या नौका चार की सहा असा वाद चालला. बाहेर ओरड झाली आणि अखेर आठ मंजूर झाल्या! त्याच वर्षी लॉइड जॉर्ज यांना म्हाताऱ्यांचे पेन्शन आणि या नौका यांसाठी एकाच अंदाजपत्रकात पैसा शोधावा लागला. त्यांनी धनिकांवर व जमिनीवर कर सुचवला, तेव्हा उमरावांच्या सभागृहाने ते अंदाजपत्रकच फेटाळले. नौका हव्यात, पण पैसा दुसऱ्याने द्यावा, ही वृत्ती आमच्या ओळखीची आहे.

१९१६ च्या जटलंडच्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून साडेआठ हजारांवर लोक मेले. समुद्रावरील सत्ता मात्र होती तिथेच राहिली. पुढे जर्मन आरमार बहुतेक काळ बंदरातच पडून राहिले. खलाशांना निकृष्ट अन्न, अधिकाऱ्यांचे ताट वेगळे. १९१७ साली त्यांनी निषेध केला, तेव्हा रायशपीच व क्योबिस या दोघांना गोळ्या घातल्या. क्योबिस हा बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारा, आपल्या जहाजी बोलीतला आगवाला.

ऑक्टोबर १९१८ मध्ये वरिष्ठांनी शेवटच्या लढाईचा घाट घातला. त्याआधीच, सप्टेंबरच्या अखेरीस, सेनापतींनी युद्ध हरल्याचे ओळखून तहाची मागणी केली होती. म्हणजे आरमाराची अब्रू राखण्यासाठी हजारोंनी मरायचे होते. तेव्हा ‘थ्युरिंगेन’ व ‘हेल्गोलांड’ या नौकांवर आगवाल्यांनी भट्ट्या विझवल्या. ३ नोव्हेंबरला कील येथे निदर्शकांवर गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी शहर खलाशी व कामगारांच्या हाती होते. ९ तारखेला कैसरचे सिंहासन गेले. खलाशांनी पाठीत सुरा खुपसल्यामुळे जर्मनी हरली, हा पुढे पसरवलेला प्रवाद या तारखांपुढे टिकत नाही.

मुंबईकरांना हे परके वाटू नये. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावर जे पेटले, त्याच्या मुळाशीही निकृष्ट अन्न आणि अपमान होता. २२ तारखेला गिरणी कामगारांनी त्या नाविकांसाठी यंत्रे बंद ठेवली.

म्हणून आरमाराचे बळ मोजताना तोफांच्या बरोबरीने एक गोष्ट विचारावी: भट्टीपाशी उभा असलेला माणूस ही लढाई आपली मानतो काय? टिर्पिट्झ यांच्या कोष्टकात हा प्रश्न नव्हता. त्याचे उत्तर कीलच्या बंदरात मिळाले.