घरपट्टी, खाणी आणि दिकेलेदी

मंडळी, गेल्या महिन्यात आपल्या वाचनकट्ट्यावर बेसी हेड यांची ‘द कलेक्टर ऑफ ट्रेझर्स’ ही कथा वाचली गेली. “आफ्रिकेत बायकांचे फार हाल,” असा चर्चेचा सूर लागला. मी पडले प्रयोगशाळेत रमणारी, म्हणून तेव्हा गप्प बसले. पण ते काही पटले नव्हते.

कथा बोट्स्वानातली, १९७७ च्या संग्रहातली. इंग्रजी अमलात या देशाला बेचुआनालँड म्हणत. तिथे १८९९ मध्ये सरकारने दर झोपडीमागे दहा शिलिंग पट्टी बसवली. ती भरायची रोखीत, आणि गावात रोख पैसा मिळणार कुठून? पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींकडे निघाले. खाणीवरच्या बराकीत बायकामुलांना जागा नसे. शेत, मुले, म्हातारी माणसे सारे बायकांच्या अंगावर पडले. (आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांची घरे अनेकांना आठवतील. मनीऑर्डर येणारी आणि न येणारीही.)

१९६६ मध्ये स्वातंत्र्य आले. कथेतला गारेसेगो सरकारी नोकरीत. पगार एकदम वाढला, तो दारूत आणि बाहेरख्यालीत गेला. बायको दिकेलेदी हिला तीन मुलांसह त्याने केव्हाच टाकलेले. ती शिवणकाम, विणकाम करते, छपरे शाकारते. थोरल्याच्या शाळेच्या फीला थोडे पैसे कमी पडतात, म्हणून आठ वर्षांनी ती नवऱ्याकडे शब्द टाकते. तो पैशाऐवजी घरी यायचे म्हणतो, हक्काने. त्या रात्री ती चाकूने त्याचा जीव घेते. तुरुंगात तिच्या कोठडीत नवऱ्याला मारलेल्या आणखी चौघी निघतात!

बेसीबाई सगळे खापर इंग्रजांवर फोडत नाहीत, हे मला फार आवडले. बाईला कमी लेखणारे पूर्वज, घर मोडणारी खाणीची मजुरी आणि नव्या पैशाने बेताल झालेला पुरुष, तिघांचा हिशेब त्या मांडतात. आणि शेजारचा पॉल थेबोलो त्याच गावात राहून बायकोला मानाने वागवतो, दिकेलेदीची मुलेही सांभाळायला घेतो. म्हणजे गारेसेगोला इतिहासाची सबब पुरत नाही.

बेसीबाई स्वतः दक्षिण आफ्रिकेतून १९६४ मध्ये परतीची वाट बंद करणारा परवाना घेऊन आल्या. बोट्स्वानाचे नागरिकत्व मिळायला १९७९ उजाडले. आपल्यापैकी ज्यांनी कागदपत्रांसाठी रांगा लावल्या, त्यांना ती पंधरा वर्षे वेगळी सांगायला नकोत.

पुस्तक माझ्याकडे आहे. पुढच्या बैठकीला घेऊन येते.