बॉडी अँड सोल

अमेरिकन जॅझमधील एक विख्यात स्टँडर्ड, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वादक-गायकांनी नव्याने मांडलेली रचना. संगीत जॉनी ग्रीन यांचे. गीत एडवर्ड हेमन, रॉबर्ट सोर व फ्रँक आयटन यांचे. १९३० साली ती ब्रिटिश अभिनेत्री गर्ट्रूड लॉरेन्ससाठी लिहिली गेली. त्याच वर्षी ‘थ्रीज अ क्राउड’ या ब्रॉडवे कार्यक्रमात लिबी होलमन यांनी ती गायली, आणि लुई आर्मस्ट्राँग यांनी ध्वनिमुद्रित केली.

रचना ३२ बारांची, ‘अ-अ-ब-अ’ घाटाची. ‘ब’ भागात ती डी फ्लॅट मेजरमधून अर्ध्या स्वराने वर, डी मेजरमध्ये जाते. पुढे सी मेजरला स्पर्श करून मूळ ठिकाणी परतते. ही अवघड वाटच वादकांना खुणावते.

११ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये टेनर सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांनी तिचे रूप पालटले. मूळ चालीची ओळख सुरुवातीला जेमतेम करून देत त्यांनी सलग दोन आवर्तने कॉर्डच्या आधारे उत्स्फूर्त बढत केली. तरीही हे मुद्रण विलक्षण लोकप्रिय झाले, आणि सॅक्सोफोनवादकांच्या पुढच्या पिढ्यांसाठी तो वस्तुपाठ ठरला.

१९६० मध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी ‘अ’ भागाखाली खर्जातला एक ठेका घोळवत ठेवला आणि ‘ब’ भागात ‘जायंट स्टेप्स’ या आपल्याच रचनेतील कॉर्डरचना गुंफली.

गायकांनी मात्र शब्दांतील आर्तता जपली: बिली हॉलिडे, सारा व्हॉन आणि २०११ मध्ये टोनी बेनेट यांच्यासोबत एमी वाइनहाउस. वाइनहाउस यांचे ते अखेरचे ध्वनिमुद्रण होते. त्याला २०१२ मध्ये ग्रॅमी मिळाले.