शिस्त, शिक्षा आणि गोटुल : दोन जंगलजिल्ह्यांतील वर्गनियमांचा इतिहास

संस्कृतातील 'शिक्षा' हा शब्द हिंदीत विद्येसाठी राहिला, मराठीत तो दंडासाठी रूढ झाला. विद्येकरिता आपण 'शिक्षण' हा शब्द वेगळा काढला. परंतु दोहोंचा धातू एकच आहे. 'शिस्त' हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा जुना अर्थ नेम धरणे असा होता. 'नेम' हा तर 'नियमा'चाच तद्भव. तो व्रतालाही लागतो आणि बंदुकीलाही. माध्यमिक शाळेच्या भिंतीवरची नियमावली वाचताना शब्दांचा हा इतिहास ध्यानात ठेवणे उपयोगाचे आहे. नियम कोणी केला आणि तो कोणावर धरला, हा प्रश्न या शब्दांतच आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तो अधिक स्पष्टपणे समोर येतो, कारण तेथे शाळा पोहोचण्यापूर्वीच वयात येणाऱ्या मुलांसाठी नियमांची एक व्यवस्था अस्तित्वात होती.

1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि चांदा हा त्याचा एक जिल्हा झाला. (चंद्रपूर हे नाव त्याला 1964 मध्ये मिळाले, गडचिरोली जिल्हा त्यातून 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला.) प्रांताच्या शिक्षणखात्याबरोबर हजेरीपट, घंटा, तासिका, निरीक्षकाची भेट आणि वार्षिक परीक्षा हा सरंजाम आला. मिशेल फूको यांनी 1975 च्या आपल्या ग्रंथात तुरुंग, सैन्य आणि शाळा यांची जी तुलना केली आहे, तिच्यात वेळापत्रक, रांग आणि परीक्षा यांना महत्त्वाचे स्थान आहे. ती तुलना आपल्याकडच्या वाचकांना परिचित आहे. पण ती येथे जशीच्या तशी लावता येत नाही. फूको यांच्यासमोरचा युरोपीय विद्यार्थी निदान नियमाची भाषा तरी जाणत होता. अहेरी, एटापल्ली, भामरागड या भागांतील गोंड-माडिया मुलांना आज्ञा कळण्यापूर्वी आज्ञेची भाषा शिकावी लागली. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा, मराठी आर्यकुळातील. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. शाळेत रोज सकाळी मराठीतून म्हटली जाणारी प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 मध्ये मुळात तेलुगूत लिहिली होती. म्हणजे वर्गातील त्या पहिल्या विधीचे मूळ शब्द या मुलांच्या घरच्या भाषेच्या कुळातले होते, आणि वर्गात मात्र त्या कुळाला जागा नव्हती.

शाळेपूर्वीची व्यवस्था म्हणजे गोटुल. व्हेरियर एल्विन यांनी बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर 1947 मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. बाहेरच्या वाचकांचे लक्ष त्यातील स्त्रीपुरुषसंबंधांच्या वर्णनांकडेच अधिक गेले. शिक्षकाने मात्र तो ग्रंथ नियमांसाठी वाचावा. गोटुलातील मुलामुलींना पदे असत, पदांप्रमाणे कामे असत. लाकूड आणणे, झाडलोट करणे, उत्सवात व लग्नकार्यात गावाच्या उपयोगी पडणे ही कर्तव्ये ठरलेली असत. चुकणाऱ्याला दंड होई आणि तो दंड बरोबरीची मुलेच ठरवीत. गडचिरोलीतील माडियांचे गोटुल मुरियांच्या गोटुलाची प्रतिकृती नाही. येथे गावाची सभा, पाहुण्यांचा मुक्काम आणि तरुणांचे एकत्र येणे यांना अधिक महत्त्व आहे. तरीही दोन्हीकडे एक गोष्ट समान दिसते: नियम तोंडी असतो, आपल्या भाषेत असतो आणि तो मोडला तर कोणाचे नुकसान होते हे मोडणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसते. तेव्हा 'जंगलातील मुलांना शिस्तीची सवय नाही' हे विधान इतिहासाला धरून नाही. त्यांना सवय होती. ती वेगळ्या शिस्तीची होती.

या दोन शिस्ती एका छपराखाली आल्या त्या आश्रमशाळेत. ठक्कर बाप्पांनी 1922 मध्ये दाहोद येथे भील सेवा मंडळ स्थापन केले, त्या परंपरेतून निवासी शाळेची कल्पना रुजली. महाराष्ट्र शासनाने 1972-73 पासून आश्रमशाळांचा व्यापक विस्तार केला. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प 1973 च्या डिसेंबरात सुरू झाला आणि 1976 मध्ये तेथे निवासी शाळा निघाली. निवासी शाळेत नियम तासिकांपुरता राहत नाही. उठणे, अंघोळ, जेवण, अभ्यास, झोप हे सारे घंटेच्या आधीन होते. गोटुलाचा दिवसही नियमबद्ध होता, पण त्या नियमांचा कर्ता आणि पाळणारा एकच होता. आश्रमशाळेत ते दोघे वेगळे झाले.

संघर्षाचे सर्वांत ठळक स्थळ म्हणजे हजेरी. दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी मंडळाने 75 टक्के उपस्थितीची अट घातलेली आहे. आता या जिल्ह्यांचे पंचांग पाहा. जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपाने. मोहाचे फूल रात्री उशिरा आणि पहाटे गळते. ते सकाळीच वेचावे लागते, अन्यथा गुरे आणि रानातील जनावरे खाऊन टाकतात. विदर्भात उन्हाळा लागला की शाळाही सकाळची भरते. म्हणजे घराला मुलाची जी वेळ हवी असते, नेमकी तीच वेळ शाळा मागते. हजेरीपटावर त्याची नोंद 'गैरहजर' अशी होते. त्या एका शब्दात मुलाने रोखीच्या हंगामात घराला लावलेला हात दिसत नाही.

येथे कोणी म्हणेल की नियम सर्वांना सारखाच हवा. या आक्षेपाला शाळेच्या दिनदर्शिकेतच उत्तर आहे. उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस. ती सकाळची शाळाही उन्हासाठीच केलेली सवलत आहे. म्हणजे तपमानापुढे नियम वाकतो, आणि त्याने शिस्त बिघडली असे कोणी म्हणत नाही. मग तो मोहापुढे का वाकू नये? माझ्या मते याचे कारण शैक्षणिक नाही. ऊन शिक्षक, निरीक्षक आणि अधिकारी या सर्वांनाच लागते. मोह वेचायला मात्र त्यांच्यापैकी कोणाला जावे लागत नाही.

2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. 29 व्या कलमाने शक्य तेथवर मातृभाषेतून अध्यापन व्हावे असे सांगितले. मराठीतील 'शिक्षा' या शब्दाचा रूढ अर्थ वर्गातून हद्दपार करणारा हा कायदा आहे. मात्र त्याची मुख्य कक्षा 6 ते 14 वयोगटाची, म्हणजे आठवीपर्यंतची आहे. नववीत येताच मूल त्या छत्राबाहेर पडते, आणि नेमक्या त्याच वळणावर उपस्थिती, परीक्षा आणि प्रमाण मराठी या तिन्ही अपेक्षा एकदम कठोर होतात. 2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोलीच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 38.7 टक्के होते. तेथे ही काही थोड्या अपवादांची गोष्ट नव्हे.

पर्याय कसा असू शकतो, याची दोन उदाहरणे धानोरा तालुक्यातच आहेत. मेंढा (लेखा) येथे 1980 च्या दशकात ग्रामस्थांनी गोटुल नव्याने बांधले. वनखात्याने ते पाडले, ग्रामस्थांनी पुन्हा उभारले. त्याच गावात अभ्यासगट सुरू झाला, आणि सर्वसहमतीवाचून निर्णय घ्यायचा नाही हा नियम गावाने स्वतःला लावून घेतला. वर्ग म्हणजे एकत्र बसून शिकण्याची जागा असा अर्थ घेतला, तर हाही वर्गच होता, आणि त्याचे नियम विलक्षण कडक होते. दुसरे उदाहरण मोहगावचे. तेथील ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली आणि तिच्या नावातच 'गोटुल' हा शब्द ठेवला. 2022 मध्ये शिक्षणखात्याने मान्यता नसल्याच्या कारणावरून तिला नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. ज्या कायद्याचे 29 वे कलम मातृभाषेचा पुरस्कार करते, त्याचेच 18 वे कलम मान्यतेविना शाळा चालवण्यास मनाई करते. मान्यतेची अट निरर्थक नाही. तिच्यामुळे मुलांच्या नावाने चालणारी दुकानदारी रोखता येते. पण मान्यतेचे निकष ठरवताना मोहगावच्या ग्रामसभेला कोणी विचारले नव्हते.

साहित्याच्या अध्यापकांचा या साऱ्याशी संबंध थेट आहे, कारण वर्गातील भाषेचा नियम प्रत्यक्षात तेच चालवतात. निबंधात आलेला गोंडी शब्द लाल शाईने खोडायचा की त्याचा अर्थ वर्गाला सांगण्यास त्या विद्यार्थ्यालाच उभे करायचे, हा निर्णय कोणत्याही संहितेत लिहिलेला नाही. हजेरीची टक्केवारी मंडळ ठरवते. पण वर्षारंभी नववीच्या मुलांना बसवून वर्गाचे नियम त्यांच्याकडूनच, त्यांच्या भाषेत, लिहून घेण्यास कोणाच्या परवानगीची गरज लागत नाही. त्यांच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी असे नियम केले होते आणि पाळलेही होते.