कढीपत्त्यावरचे बहुरूपी: एका फुलपाखराचा दीडशे वर्षांचा वाद

१/ मानवतच्या परसदारी लावलेल्या कढीपत्त्यावर वा लिंबावर दिसणाऱ्या हिरव्या अळ्यांतून पुष्कळदा 'कॉमन मॉरमॉन' हे काळे फुलपाखरू बाहेर पडते. डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त खरा की खोटा, या वादात ज्या जिवांची साक्ष काढली गेली, त्यांत हे फुलपाखरू महत्त्वाचे ठरले.

२/ १७५८ मध्ये कार्ल लिनियसने या एकाच जातीला दोन नावे दिली: 'पॅमन' आणि 'पॉलिटीस'. पहिला नर होता, दुसरी मादी. गफलत स्वाभाविक होती. नराच्या काळ्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असतो. मादी मात्र तीन रूपांत आढळते. एक नरासारखी, दुसरी 'कॉमन रोझ'सारखी, तिसरी 'क्रिमझन रोझ'सारखी. तिसरीलाही पुढे 'रोम्युलस' हे निराळे नाव मिळाले.

३/ ही दोन्ही 'रोझ' फुलपाखरे अळीच्या अवस्थेत ईश्वरीच्या कुळातील वेलींची पाने खातात. वेलीतील विष त्यांच्या शरीरात टिकून राहते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला सहसा जात नाही. मॉरमॉन मात्र बिनविषारी आहे.

४/ १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला, तेव्हा निवड प्रत्यक्ष घडताना दाखवा, अशी टीकाकारांची मागणी होती. त्याच वर्षी हेन्री वॉल्टर बेट्स ॲमेझॉनच्या खोऱ्यात ११ वर्षे काढून इंग्लंडला परतला. १८६१ मध्ये लिनियन सोसायटीपुढे त्याने अनुकरणाचा उलगडा मांडला: बिनविषारी फुलपाखरांपैकी जी विषारी जातीशी थोडीफार मिळतीजुळती असतात, ती पक्ष्यांच्या तावडीतून अधिक सुटतात. पिढ्यानपिढ्या हेच घडत गेले की साम्य गडद होते. यात फुलपाखराची इच्छा वा युक्ती कोठेही नाही.

५/ बेट्सचा सहप्रवासी आल्फ्रेड रसेल वॉलेस याने १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हाच विचार मॉरमॉनच्या कुळाला लावला. ज्या निरनिराळ्या जाती मानल्या जात, त्या एकाच जातीच्या माद्या होत्या.

६/ मग सर्वच माद्या सोंग का घेत नाहीत? गावात खऱ्या शिपायांहून शिपायाचे सोंग घेतलेले बहुरूपीच अधिक झाले, तर त्या गणवेशाला कोण भिईल? नकला वाढल्या की पक्ष्यांच्या चोचीत रुचकर घास वारंवार येतो आणि लाल ठिपक्यांचा धाक ओसरतो. सोंग विरळ असते तोवरच ते तारते. एकाच जातीत अनेक रूपे टिकण्यामागे हे एक मोठे कारण मानले जाते.

७/ ही रूपे वारशाने कशी येतात? जे. सी. एफ. फ्रायर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीलंकेत मॉरमॉनच्या पिढ्या वाढवून पाहिल्या, तेव्हा रूपांचा वारसा मेंडेलच्या नियमांनी जातो असे दिसले. पंखांचा रंग, ठिपके, आकार हे सारे एकदम बदलते. म्हणून त्यामागे शेजारी-शेजारी जखडलेल्या अनेक जनुकांचा गट, म्हणजे 'सुपरजीन', असावा असा तर्क पुढे रूढ झाला.

८/ २०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये उत्तर दिले. सूत्रे 'डबलसेक्स' या एकाच जनुकाकडे होती. कीटकांत नर-मादीचे भेद घडवणारे हे जनुक मॉरमॉनमध्ये मादीचे सोंगही ठरवते. सोंगाचे हे जनुक नराच्या अंगीही असू शकते. त्याच्या पंखांवर मात्र ते उमटत नाही. ज्या भेदावरून लिनियसने दोन जाती मानल्या, त्याचे मूळ अखेर एका जनुकात सापडले.