काचेतले सोने

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक फुलदाणी डोळ्यांसमोर आणा. बुडाशी ती फिकट पिवळी आहे, आणि वर काठाकडे जाताना हळूहळू गुलाबी होत गेली आहे. वाटेल, दोन रंगांच्या काचा जोडल्या असाव्यात. प्रत्यक्षात काच एकच, एकाच मुशीत वितळवलेली. मग रंग दोन कसे?

इंग्लंडमध्ये काचेवर वजनानुसार कर असे. तो 1845 साली रद्द झाला आणि कारखान्यांना नवे प्रयोग करण्याची मोकळीक मिळाली. इंग्लंड-अमेरिकेत शोभेच्या काचेची चढाओढ सुरू झाली. वर सांगितलेल्या काचेचे पेटंट 1885 साली फ्रेडरिक शर्ली यांनी घेतले. ते अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन ग्लास कंपनीचे. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या टॉमस वेब अँड सन्स या कारखान्याने तिचा परवाना मिळवला. काचेचे नाव 'बर्मीज'. पण घडणीचा ब्रह्मदेशाशी काही संबंध नव्हता.

वाळू, शिशाचे ऑक्साइड इत्यादींच्या मिश्रणात युरेनियमचे ऑक्साइड आणि अम्लराजात विरघळवलेले किंचित सोने घालीत. युरेनियममुळे काच पिवळी होई. वस्तू फुंकून घडवली, की कारागीर तिचा फक्त वरचा भाग पुन्हा भट्टीत धरी. तेवढाच भाग गुलाबी होई. कमी तापवला तर रंग उमटत नसे. किती वेळ धरायचे हे नजरेनेच ठरे.

याचे कारण असे. वितळलेल्या काचेत सोन्याचे अणू सुटे विखुरलेले असतात, त्यामुळे त्यांचा रंग दिसत नाही. पुन्हा तापवल्यावर ते सरकतात, एकत्र येतात आणि काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर आकाराचे कण बनतात. हे कण हिरवा प्रकाश शोषतात. उरलेला प्रकाश आपल्याला तांबूस दिसतो.

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे असा रंग येतो, हे मायकेल फॅरेडे यांनी 1857 साली मांडले होते. पण त्याचे गणित गुस्टाफ मी यांनी 1908 साली दिले. तोवर बर्मीज काच घरोघरच्या दिवाणखान्यांत पोचून जुनीही झाली होती.

पाठ्यपुस्तकात आधी सिद्धान्त येतो, मग उपयोग. वर्गात हा क्रम शिकवताना भट्टीपुढच्या त्या कारागिराची आठवण जरूर करून द्यावी. त्याच्यापाशी सूत्र नव्हते, पण सोने केव्हा रंग धरते हे त्याला नेमके ठाऊक होते.