उंदीर पडले तो कार्तिक

कार्तिक लागलाय. विसावं शतक सुरू होऊन थोडीच वर्षं झालीत आणि तुम्ही जुन्या जळगावात एका बोळाच्या तोंडाशी उभे आहात. कपाशीचा हंगाम आहे. एरवी या वेळी भरलेल्या गाड्या जिनांकडे निघालेल्या असतात. आज गाड्यांवर वाकळा आहेत, खाटा आहेत, जातं, डाळीची मडकी, कोंबड्यांची डालगी, आणि सगळ्यात वर बसवलेली आजी. बैलांची तोंडं शेताकडे आहेत. समोरच्या उघड्या दारात तुम्ही पाय टाकणार, तेवढ्यात गाडीवरून हाक येते, "घरात नोका जाऊ भाऊ, उंदरं पडू ऱ्हायले!"

तरी तुम्ही उंबऱ्यावरून डोकावता. आढ्यावरून उतरलेला एक उंदीर भर उजेडात घरात मधोमध आलाय. त्याला तुमची भीती उरलेली नाही. केस पिंजारलेले, मागचे पाय फरफटत तो रांजणाखालच्या ओलीकडे सरकतो, दोनदा तोल जातो, मग कुशीवर पडतो. पोट थोडा वेळ वरखाली होतं आणि थांबतं. अंग गार पडू लागलं की त्याच्या मानेजवळच्या केसांतून तपकिरी ठिपके बाहेर येतात आणि सारवलेल्या जमिनीवर उड्या घेतात. पिसवा. त्यांना ऊब हवी, आणि या घरात ऊब आता माणसांच्याच अंगात आहे.

मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग, म्हणजे प्लेग, ओळखला तो सप्टेंबर 1896 मध्ये. तिथून इथवर तो कसा आला, हे स्टेशनवर उभं राहिलं की दिसतं: धान्याची पोती, पोत्यांत उंदीर, उंदरांवर पिसवा. 1900 साली चाळीसगावहून धुळ्याला रेल्वेचा फाटा निघाला आणि धुळ्याची बाजारपेठही याच मार्गाला जोडली गेली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या. आणि इथे जुन्या जळगावात, चौधरींच्या वाड्यात, असोद्याहून सून म्हणून आलेली बहिणाबाई नांदते आहे. तिच्या कवितांचं पुस्तक निघायला 1952 उजाडेल. तिच्या एका मुलाला प्लेगनं गाठलं आणि जन्माचं अधू केलं. त्या वाड्यात तुम्ही शिरू नका. पोर तापानं फणफणत असताना परक्यानं दारात उभं राहू नये. पण त्या तापाच्या आत काय चाललं होतं, ते बघायला चला. तेव्हा ते जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

लहान व्हा. पिसू दोन-तीन मिलिमीटरची असते. तुम्हाला तिच्याही हजारपट लहान व्हायचंय. आता तुम्ही मरणाऱ्या उंदराच्या रक्तात आहात आणि शेजारी तो जंतू आहे, अलेक्झांडर यर्सिननं 1894 साली हाँगकाँगमध्ये शोधलेला. आज त्याला यर्सिनिया पेस्टिस म्हणतात. त्याच्या डीएनएत 46 लाखांवर अक्षरं आणि सुमारे 4,000 जनुकं आहेत. ती सगळी एकाच वेळी चालवणं त्याला झेपणारं नाही. प्रथिन बनवायला ऊर्जा लागते, आणि नको त्या वेळी नको ते प्रथिन बनवणारा जंतू वाढीत मागे पडतो. म्हणून कुठली जनुकं चालू ठेवायची आणि कुठली बंद, याचा निवाडा त्याला सतत करावा लागतो. डोळे नाहीत, मेंदू नाही. आपण कुठे आहोत हे त्याला कळतं ते मुख्यतः उष्णतेवरून.

पिसू रक्त ओढते. तुम्ही जंतूबरोबर तिच्या पोटात पडता आणि लगेच गारवा जाणवतो. उंदराच्या अंगात 37 अंशांच्या आसपास होतं. पिसवेचं अंग घरातल्या हवेएवढंच, कार्तिकात 25-26 अंश. रक्त पचायला लागतं, आणि त्या पचनाच्या रसात जंतूचं आवरण फाटू शकतं. गार जागी हा जंतू एक प्रथिन जोमानं बनवतो, जे त्याला या रसापासून वाचवतं. ज्या जंतूंत ते नाही ते पिसवेच्या पोटात फार टिकत नाहीत.

मग दुसरं काम. जंतू एक चिकट साखरेचा पदार्थ बाहेर टाकू लागतो. हा पदार्थ बनवणारी काही प्रथिनं 37 अंशांवर टिकत नाहीत, पेशीच त्यांचे तुकडे करून टाकते. इथे गारव्यात ती टिकतात. जनुक तेच, संदेश तोच. फरक पडतो तो प्रथिनाच्या आयुष्यात. ही गोष्ट मला विलक्षण वाटते, कारण जनुकांवर ताबा म्हटलं की आपल्याला डीएनएवरची कळ दाबणं तेवढं आठवतं, आणि जंतू मात्र वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरीवर हात ठेवून असतो. दिवस जातात. पिसवेच्या घशापाशी, पोटाच्या तोंडाशी असलेल्या झडपेत जंतूंचा गोळा घट्ट बसतो. आता ती रक्त ओढते, पण ते आत जात नाही. उपाशी पिसू वेड्यासारखी चावत सुटते, आणि प्रत्येक चाव्यात गोळ्यातले जंतू धुऊन जखमेत परत येतात. पॉल-लुई सिमाँ यानं पिसवेवर बोट ठेवलं 1898 साली, कराचीत. हा अडलेला घसा बेकट आणि मार्टिन यांनी दाखवून दिला 1914 मध्ये.

आता तुम्ही माणसाच्या पिंडरीत आहात. लाल पुरळही उठलेलं नाही. पण जंतूभोवतीचं सगळं पुन्हा 37 अंशांवर गेलंय, आणि इथे त्याच्या जवळ जा, अगदी खेटून.

त्याच्या डीएनएवर एक प्रथिन बसून होतं. गारव्यात ते शस्त्रांची जनुकं दाबून धरतं. उष्णता वाढली तसं पेशीतली प्रथिनं तोडणारी यंत्रणा त्याला खाऊ लागते. दाब सुटतो, आणि एलसीआर-एफ नावाच्या मुख्य हुकूमदाराचा संदेश, आरएनएचा एक धागा, उतरवला जातो. तरी काम संपलेलं नाही. हा धागा एका ठिकाणी केसांच्या आकड्यासारखा स्वतःवरच दुमडलेला आहे, आणि जिथे रायबोसोमनं बसून वाचायला सुरुवात करायची, नेमकी तीच जागा त्या घडीत दडलेली आहे. घडी धरून ठेवलीय मोजक्या अक्षरांच्या जोड्यांनी, आणि त्या जोड्या कच्च्या आहेत. 26 अंशांना धरतात. 37 ला थरथरतात, एकेक सुटते, घडी उलगडते. रायबोसोम बसतो. हुकूमदार प्रथिन तयार होतं आणि एकामागून एक शस्त्रांची जनुकं चालू होतात. आरएनए स्वतःच उष्णतामापक आहे. मधे कुणी निरोप्या लागत नाही.

जंतूभोवती मऊसर आवरण चढतं, ज्यामुळे पांढऱ्या पेशींना तो गिळता येत नाही. बाहेरच्या पापुद्र्यातल्या मेदाची सहा शेपटं जाऊन चार होतात, आणि आपल्या शरीराची जी पहारेकरी प्रथिनं सहा शेपटं ओळखून आरडाओरडा करतात, ती चार पाहून गप्प राहतात. अंगातून सुया निघतात. पांढरी पेशी अंगाला लागली की तिच्यात विष टोचतात. हे सगळं व्हायला काही तास लागतात, आणि तेवढ्या तासांत जंतू उघडा असतो. बरेच जंतू गिळले जाऊन मरतात. काही मात्र गिळले गेले तरी पांढऱ्या पेशीच्या आतच तग धरतात. तिथे आम्ल आहे, मॅग्नेशियम कमी आहे. जंतूच्या पापुद्र्यात रोवलेलं फो-क्यू हे प्रथिन ते हेरतं, फो-पीला फॉस्फेट देतं, आणि फो-पी दुरुस्तीची जनुकं चालू करतं. ज्या पेशीनं मारायचं, तिच्याच पोटात तो कवच चढवून बाहेर पडतो. मग जांघेतली गाठ सुजते.

पुन्हा मोठे व्हा, आणि सहा महिने पुढे या. वैशाख आहे, धुळं आहे. कॅप्टन ब्रिग्जनं आखलेल्या सरळ गल्ल्यांत दुपारी चिटपाखरू नाही, पांझरेचं पात्र वाळूनं पांढरं झालंय, पारा 42 च्या वर. आणि प्लेग ओसरलाय. खानदेशातच नाही, पश्चिम भारतात वर्षानुवर्षं हेच दिसत आलं: साथ हिवाळ्यात चढते, उन्हाळ्यात बसते. तुम्ही आता याच्या आत जाऊन आलात, तेव्हा पिसवेचा घसा आठवा. घरातली हवाच तीस अंशांच्या वर गेली की तिच्या अंगातही तेवढंच तापमान. चिकट साखर बनवणारी प्रथिनं तुटू लागतात, गोळा नीट बसत नाही, पिसू पोटभर रक्त पिऊन शांत होते. हे एकच कारण नव्हतं; कोरड्या उन्हात पिसवाही मरतात, त्यांची अंडीही वाळतात. पण ज्या उन्हाला खानदेशी माणूस जन्मभर शिव्या घालतो, त्या उन्हानं इथल्या कितीतरी गल्ल्या दरवर्षी मोकळ्या केल्या, हे त्याला सांगायला हवं.

पांझरेकाठच्या झोपडीतून एक माणूस घराकडे निघालाय, चार महिन्यांनी. "गाव खाली व्हई गयं व्हतं दादा, आते येई राहिनात लोके," तो म्हणतो. या माणसांना जंतू माहीत नव्हता, पिसू माहीत नव्हती. उंदीर पडले की घर सोडायचं एवढं माहीत होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. मेलेल्या उंदरावरून उतरलेल्या भुकेल्या पिसवांपासून लांब जाणं, याहून चांगला उपाय तेव्हा फारसा नव्हता. हाफकिन यांनी मुंबईत तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतलेली लस होती, पण ती गावोगाव पोचायला आणि लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. 1897 च्या साथरोग कायद्यानं आलेल्या झडत्यांनी तो विश्वास उलट घालवलाच.

आणखी एक उडी. सप्टेंबर 1994, ताप्ती लाइनवरची गाडी, सुरतेहून सुटलेली. नंदुरबार गेलं, दोंडाईचा गेलं. हे सगळं अजून धुळे जिल्ह्यातच आहे. डब्यात पाय ठेवायला जागा नाही. सुरतेतल्या उधन्याच्या मागांवर काम करणारी खानदेशातली कुटुंबं गावाकडे पळताहेत, तोंडाला रुमाल, कडेवर पोरं. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामल्यात गाठीचा प्लेग दिसला होता. सुरतेत आता फुप्फुसाचा प्लेग आहे. कुणी खोकलं की अख्खा बाक सरकतो, आणि ही भीती खरी आहे. फुप्फुसाच्या प्लेगात पिसू लागत नाही. खोकल्यातून उडणारा जंतू 37 अंशांतून आलेला असतो, आवरण चढवून. नव्या माणसाच्या श्वासात उतरल्यावर त्याला ते उघडे तास काढावे लागत नाहीत.

तुमच्या समोरच्या माणसाच्या मुठीत टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आहेत. सुरतेच्या दुकानांतून त्या संपल्यात. हे औषध नेमकं त्या रायबोसोमवर जाऊन बसतं. जंतू फुप्फुसात शिरला तरी उष्णतेनं घडी उलगडेल, संदेश मोकळा होईल, रायबोसोम त्यावर चढेलही. पण अमिनो आम्ल घेऊन येणाऱ्या रेणूची जागा आधीच अडवलेली असेल आणि प्रथिन पुढे बनणारच नाही. कवच नाही, सुया नाहीत. अट एकच, वेळेची: फुप्फुसाच्या प्लेगात लक्षणं दिसल्यापासून 24 तासांत औषध पोटात गेलं नाही, तर माणूस वाचणं अवघड होतं.

"ताप ते नई शे," तो विचारतो, "तरी बी लेवू का?"

सुरतेत घरात कुणी आजारी होतं का, शेजारी कुणी, हे त्याला आधी विचारा. होतं म्हणाला तर घ्यायला सांगा, आणि अमळनेरला उतरल्यावर घरी जाण्याआधी दवाखान्यात नाव नोंदवायलाही.