खरे आमिष, नकली आमिष

मराठीच्या शिक्षकांना ‘मानसोल्लास’ हे नाव परिचयाचे असते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या या संस्कृत ग्रंथात, गाण्यांची चर्चा करताना काही ओळी त्या काळच्या मराठीत आल्या आहेत. मराठीच्या आरंभीच्या नमुन्यांत त्यांचा उल्लेख हमखास होतो. ग्रंथ शके १०५१, म्हणजे ११२९ च्या सुमाराचा. विज्ञानाच्या शिक्षकाने मात्र याच ग्रंथाचे दुसरे एक प्रकरण उघडावे असे मला वाटते. त्याचे नाव ‘मत्स्यविनोद’. विनोद म्हणजे इथे करमणूक. राजाने गळ टाकून मासे कसे धरावेत, याचे ते प्रकरण आहे.

राजाने करमणूक म्हणून मासे धरले यात नवल नाही. नवल आहे ते मांडणीत. सोमेश्वर सुमारे ३५ प्रकारच्या माशांची नावे देतो. ते समुद्रातले की नदीतले, मोठे, मध्यम की लहान, खवल्यांचे (शल्कज) की नुसत्या कातडीचे (चर्मज), अशी वर्गवारी करतो. पुढे कोणत्या माशाला काय खायला आवडते ते सांगतो. तिळाची पेंड, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, शिजवलेला भात, मांसाचे तुकडे, असा प्रत्येकाचा वेगळा आहार. ठरलेल्या जागी ते खाद्य आधी टाकत राहायचे, मासे तिथे यायला सरावले की मग गळ टाकायचा. युरोपात गळाच्या मासेमारीवरचा प्रसिद्ध इंग्रजी प्रबंध छापला गेला तो १४९६ साली, आणि आयझॅक वॉल्टनचे पुस्तक आले १६५३ साली. त्या मानाने मत्स्यविनोद फारच आधीचा.

गळ मात्र सोमेश्वराच्याही कितीतरी आधीचा आहे. जपानमधील ओकिनावा बेटावरच्या साकितारी गुहेत शिंपल्यापासून घासून केलेले गळ सापडले आहेत, त्यांचे वय सुमारे २३ हजार वर्षे आहे. मोहेंजोदडोच्या तांब्याच्या गळांना दोरी ओवायला भोक आणि मासा निसटू नये म्हणून उलटा काटाही होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने बडोद्याच्या विद्यापीठाबरोबर नर्मदाकाठी नावडातोली येथे १९५० च्या दशकात जे उत्खनन केले, त्यातही तांब्याच्या वस्तूंमध्ये मासे धरायचे गळ मिळाले. म्हणजे गळाचा आकार चार हजार वर्षांत फारसा बदललेला नाही. बदलत गेले ते गळावर काय लावायचे हे. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. त्या गरवण्याच्या निम्म्या गप्पा आमिषाच्याच असतात.

मत्स्यविनोदाकडे एका प्राणिशास्त्रज्ञाच्या नजरेने प्रथम नीट पाहिले ते सुंदरलाल होरा यांनी. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे हे संचालक माशांचे मोठे जाणकार होते. प्राचीन भारतीयांच्या मत्स्यज्ञानावर त्यांनी लेखमाला लिहिली, तिच्यातला मत्स्यविनोदावरचा लेख १९५१ सालचा आहे. ग्रंथातले नाव आणि वर्णन घ्यायचे, आणि आज माहीत असलेल्या कोणत्या जातीशी ते जुळते ते शोधायचे, अशी त्यांची पद्धत.

हे काम दिसते तितके सोपे नाही. ‘रोहित’ हे नाव घ्या. आपण चटकन म्हणतो, हा रोहू. परंतु आजचा रोहू मूळचा उत्तरेकडच्या नद्यांतला आहे. दख्खनच्या नद्यांत आणि धरणांत तो मोठ्या प्रमाणावर सोडला गेला विसाव्या शतकात. मग कल्याणीच्या राजाचा रोहित कोणता? ग्रंथकाराने उत्तरेतल्या ग्रंथांतून नाव उचलले असेल, किंवा कृष्णा-भीमेतल्या एखाद्या भाईबंद जातीला तो हे नाव देत असेल. दुसरा प्रश्न समुद्री माशांचा. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण, समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर आत. तिथल्या राजाच्या ग्रंथात समुद्रातले मासे आले कुठून? कोकणचे शिलाहार आणि गोव्याचे कदंब यांचा चालुक्यांशी मांडलिकीचा संबंध होता, तेव्हा किनाऱ्यावरच्या कोळ्यांची माहिती दरबारापर्यंत पोहोचली असावी असे मला वाटते. हा तर्क आहे, पुरावा नाही.

जुन्या ग्रंथांबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, ‘सगळे आमच्याकडे आधीच होते.’ दुसरे, ‘ती सगळी भाकडकथा.’ मत्स्यविनोद या दोन्ही मतांच्या आड येतो. त्यात बारकाईचे निरीक्षण आहे, वर्गीकरण आहे, आणि ‘अमुक मासा अमुक आमिषाला येतो’ हे तपासून पाहता येईल असे विधानही आहे. नाही ते एवढेच, की हा मासा नेमका कोणता, हे नंतरच्या वाचकाला ठरवता येईल अशी सोय.

ती सोय कशी असते ते पाहायला पुण्यातच यावे लागते. मुंबई सरकारच्या नोकरीतले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरचा आपला निबंध १८३९ साली प्रसिद्ध केला. त्यांनीही स्थानिक लोकांकडून नावे घेतली, इतकी की खुदरी, नुक्ता, कोलस ही नावे शास्त्रीय नावांत जाऊन बसली. फरक असा, की साइक्स यांनी प्रत्येक माशाच्या परांतले काटे मोजले, खवल्यांचे आणि तोंडाचे वर्णन दिले, आणि तो कुठे मिळाला ते लिहिले. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत त्यांना मिळालेला महसीर आज ‘टॉर खुदरी’ या नावाने जगभर ओळखला जातो. रोहितबद्दल वाद होऊ शकतो, खुदरीबद्दल सहसा होत नाही.

हा महसीर आपल्या गोष्टीत पुन्हा येतो. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. त्याचा नायक महसीरच. भाजलेले हरभरे हे त्या काळी महसीरचे नेहमीचे आमिष होते. सोमेश्वराच्या हरभऱ्याच्या पिठाची आठवण व्हावी असेच हे आहे. याचे कारण पाककलेत नसून माशाच्या सवयीत आहे. देहूला इंद्रायणीच्या डोहात भाविक माशांना खाऊ घालतात, तसे घाटाघाटांवर पूर्वीपासून चालत आले आहे. पाण्यात पडलेला दाणा म्हणजे अन्न, हे तिथल्या माशाला ठाऊक झालेले असते.

पण टॉमसच्या पुस्तकात एक नवी वस्तूही आहे, धातूचा चमचा. त्याला ना वास, ना चव. तरीही मासा त्याला तोंड घालतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या जूलिओ ब्यूएल याने चमच्याच्या आकाराच्या नकली आमिषाचे पेटंट १८५२ साली घेतले. तळ्यात हातातून पडलेल्या चमच्यावर मासा झडप घालताना त्याने पाहिला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, कल्पना त्याच्याही आधीची आहे. पॅसिफिक बेटांवरचे लोक शिंपल्याच्या चकचकीत पट्टीला हाडाचा काटा बांधून मासे धरत. मॅसिडोनियातले लोक लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे गळाला गुंडाळून माशीचा भास निर्माण करत, असे एलियन या ग्रंथकाराने सुमारे १८०० वर्षांपूर्वी नोंदवले आहे.

खरे आमिष भुकेला आणि नाकाला बोलावते. नकली आमिष डोळ्यांना आणि पार्श्वरेखेला. पार्श्वरेखा म्हणजे माशाच्या दोन्ही अंगांवर डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारी संवेदी इंद्रियांची ओळ, तिच्यामुळे जवळच्या पाण्याची सूक्ष्म हालचाल माशाला जाणवते. चमचा ओढला की त्याच्या मागे आळीपाळीने दोन्ही बाजूंना भोवरे सुटतात आणि तो डावी-उजवीकडे डोलतो. वाऱ्यावर झेंडा फडफडतो त्यामागेही असेच भोवरे असतात. डोलताना प्रकाश क्षणभर परावर्तित होतो, मग नाहीसा होतो. छोट्या माशांच्या अंगातली चमक ग्वानीन या द्रव्याच्या पातळ स्फटिकांमुळे असते, आणि कळपातला मासा जखमी होऊन कलंडला की तो असाच चमकतो. फिनलंडमधल्या लाउरी रापाला या कोळ्याने हेच पाहिले होते, की मोठे मासे धडधाकट माशापेक्षा लटपटणाऱ्याकडे आधी वळतात. १९३६ साली त्याने बुचाच्या झाडाच्या सालीपासून एक लटपटणारा मासा कोरला. चमक आणण्यासाठी चॉकलेटचा चंदेरी कागद वापरला आणि वरून फोटोच्या फिल्मा वितळवून त्यांचा थर दिला.

समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गळ टाकणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. आधी आमिष तिथे पोहोचले पाहिजे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सजवळ कटीहंक बेटावर १८६४ साली धनिकांनी मासेमारीचा एक क्लब काढला. खडकांवर लाकडी मचाणे बांधली, आणि पाण्यात खाद्य टाकून मासे जमवायला नोकर ठेवले. सोमेश्वराने हे ऐकले असते तर त्याला परके वाटले नसते. ज्यांच्याकडे नोकर नव्हते त्यांनी कथलाचे मासे ओतून घेतले. भांड्यांना कल्हई करतात तेच हे कथील. शिशापेक्षा ते हलके, तरी चमक टिकते, आणि काळवंडले तर किनाऱ्यावरच्या वाळूने घासून पुन्हा लख्ख करता येते.

इथे वर्गात करण्याजोगे एक गणित आहे. शिशाची घनता ११.३, कथलाची ७.३, हलक्या लाकडाची सुमारे ०.६. तिघांचे सारख्याच वजनाचे गोळे घ्या. गोळ्याचे आकारमान घनतेच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळ आकारमानाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात. हिशेब केला तर शिशाच्या मानाने कथलाच्या गोळ्याचे क्षेत्रफळ सुमारे १.३ पट येते, लाकडाच्या गोळ्याचे ७ पट. त्याच वेगाने फेकल्यास लाकडाच्या गोळ्याला हवेचा अडथळा सातपट होतो, आणि वजन तेच असल्याने तो तितक्याच झपाट्याने मंदावतो. म्हणून पोटात शिसे भरलेले लाकडी मासे आले. फेकताना दोरी अडथळ्याशिवाय सुटावी म्हणून रिळाची स्थिर फिरकी आली, तिचे पेटंट लोकरीच्या गिरणीशी संबंधित असलेल्या इलिंगवर्थ या इंग्रजाने १९०५ साली घेतले. पुढे नायलॉन आले आणि आपल्याकडे ‘तंगूस’ घरोघर झाला.

मग सर्वांत चांगले नकली आमिष कोणते? पुण्या-मुंबईहून सुट्टीच्या दिवशी कोकणातल्या खडकांवर जाणाऱ्या हौशी मंडळींत हा वाद कायम चालतो. जिताड्याला काय, रावसाला काय, तांबोशीला काय, यावर प्रत्येकाचे मत ठाम असते. दुकानातली रंगीबेरंगी आमिषे पाहिली की ती आधी गिऱ्हाइकासाठी रंगवली असावीत अशी शंका येते. स्वच्छ पाण्यातही लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, खाडीच्या गढूळ पाण्यात तर रंगापेक्षा हालचालच अधिक महत्त्वाची ठरावी.

या मतांचा तोल कसा पाहायचा? समजा दिवसभरात चमच्याला ७ मासे लागले आणि लाकडी माशाला ३. चमचा सरस ठरला का? दोन्ही आमिषे अगदी सारखीच असती, तरी दहापैकी ७ किंवा अधिक मासे चमच्याच्या वाट्याला येण्याची शक्यता १०२४ मध्ये १७६, म्हणजे सुमारे १७ टक्के आहे. दहा नाणेफेकींत सात छाप पडण्यासारखेच हे. शिवाय चमचा भरतीच्या वेळी वापरला आणि लाकडी मासा ओहोटीला, तर तुलना आमिषांची राहतच नाही. आणि ज्याच्यावर भरवसा आहे ते आमिष माणूस जास्त वेळ पाण्यात ठेवतो, त्यामुळे त्यालाच जास्त मासे लागतात, आणि भरवसा वाढतो!

रीतसर तुलना झालेली आहे. नेदरलँड्समध्ये ब्यूकेमा या संशोधकाने तळ्यातल्या पाइक माशांवर खरे जिवंत आमिष आणि धातूचे फिरते आमिष यांचा प्रयोग केला, तो १९७० साली प्रसिद्ध झाला. धरलेले मासे खूण करून परत सोडले जात. फिरत्या आमिषाला एकदा लागलेला पाइक त्यानंतर त्याच आमिषाला क्वचितच भुले, त्यामुळे त्याला येणारे मासे झपाट्याने कमी होत गेले. जिवंत आमिषाबाबत असे टाळणे दिसले नाही. खरे अन्न टाळायला शिकलेला मासा उपाशी राहील, धातूचा तुकडा टाळायला शिकलेल्याचे काहीच बिघडत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. तेव्हा ‘सर्वांत चांगले आमिष’ या प्रश्नाचे उत्तर त्या पाण्यात कालपर्यंत काय टाकले गेले आहे यावरही अवलंबून असते.

मुलांना गळ देऊन नदीवर पाठवा असे मी सुचवत नाही. शाळेतली पाण्याची टाकी किंवा मोठे घमेले पुरे. स्टीलच्या जुन्या चमच्याचा दांडा कापून घ्या, कडा घासा, अरुंद टोकाला भोक पाडून दोरा बांधा आणि पाण्यातून ओढा. अगदी सावकाश ओढला तर तो नुसता सरकत येतो. वेग थोडा वाढला की डोलू लागतो, आणि डोलण्याचा ताल दोऱ्यातून बोटांना कळतो. वेगवेगळ्या लांबीचे चमचे घेऊन हा ताल मोजून पाहा. वेग आणखी वाढवला की चमचा गरगर फिरू लागतो आणि दोऱ्याला पीळ बसतो. हा पीळ टाळण्यासाठीच गरवणारे लोक दोरी आणि आमिष यांच्यामध्ये एक छोटी धातूची फिरकी अडकवतात.